लळा कोणी लावला, कोणाला लागला?

प्रश्न : बाई, माझ्या मुलीनं निवृत्त होणाऱ्या एका शिक्षिकेबद्दल इंग्रजी निबंधात लिहिलं, 'शी एन्डिअर्ड ऑल द स्टूडन्ट्स'. तपासणाऱ्यांनी 'एन्डिअर्ड'खाली लाल रेघ ओढली आणि समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. शब्दकोशात पाहिलं तर अर्थ 'प्रिय करणे, मन जिंकणे' असाच दिलाय. त्या शिक्षिकेनं मुलांची मनं जिंकली होती हे खरंच आहे. मग चुकलं काय?

उत्तर : मुलीला आधी शाबासकी द्या. शब्द तिनं नेमका निवडला आणि त्याचा अर्थही तिला ठाऊक आहे. वाक्यात फक्त माणसांची अदलाबदल झाली. तिनं लिहिलंय त्याचा सरळ अर्थ होतो, 'बाईंनी सगळ्या मुलांना प्रिय करून टाकलं'. प्रिय केलं म्हणजे कोणाला प्रिय? ते वाक्यात नाहीच. समासातलं प्रश्नचिन्ह त्यासाठीच असावं, फक्त तपासणाऱ्यांनी दोन शब्द जास्त लिहायला हवे होते. नुसत्या रेघेनं कोणी शिकत नाही.

शब्द जरा उकलून पाहू. स्पेलिंग ई-एन आणि पुढे डी-ई-ए-आर. त्यातला 'डिअर' आपल्याला पत्राच्या मायन्यातून माहीत असतो. त्याच्या आधी जोडलेला 'एन' म्हणजे 'तसं करणे'. 'लार्ज' म्हणजे मोठा, 'एन्लार्ज' म्हणजे मोठा करणे. 'रिच' म्हणजे समृद्ध, 'एन्रिच' म्हणजे समृद्ध करणे. आता फोटो एन्लार्ज केला तर मोठं कोण होतं? फोटो. करणारा आहे तेवढाच राहतो. 'एन्डिअर'चंही तसंच. ही क्रिया ज्याच्यावर घडते ते माणूस प्रिय होतं. म्हणून शेवटी जो लाडका होणार आहे त्यालाच कर्माच्या जागी बसवावं लागतं. तुमच्या मुलीच्या गोष्टीत लाडक्या झाल्या शिक्षिका, आणि कर्माच्या जागेवर येऊन बसले विद्यार्थी.

बरोबर वाक्य असं होईल : 'शी एन्डिअर्ड हरसेल्फ टू ऑल द स्टूडन्ट्स'. त्यातला 'हरसेल्फ' गाळता येत नाही आणि 'टू'सुद्धा नाही. शब्दशः मराठी केलं तर 'तिनं स्वतःला मुलांना प्रिय केलं' असं काहीतरी विचित्र होतं, आणि चूक तिथेच जन्मते. आपण म्हणतो 'मुलांची मनं जिंकली', 'मुलांना आपलंसं केलं'. जिंकली जातात ती मुलांची मनं, आपलीशी होतात ती मुलं. मराठीत क्रियेचं टोक मुलांकडे असतं, इंग्रजीत ते उलटून स्वतःकडे येतं. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणारा माणूस इथे घसरणारच. मीही घसरले आहे, ते पुढे सांगते.

मराठीतला एकच प्रयोग या शब्दाच्या चालीनं चालतो : लळा लावणे. 'पिल्लानं साऱ्या घराला लळा लावला.' लळा लावणारं पिल्लू, लागला तो घराला, आणि लाडकं कोण झालं? पिल्लूच. याचं इंग्रजी 'द पपी एन्डिअर्ड इटसेल्फ टू द होल फॅमिली'. 'घराला'मधला 'ला' तिकडे 'टू' होऊन येतो. मुलीला हे एक वाक्य पाठ करायला सांगा. कर्ता-कर्माचं व्याकरण विसरलं तरी पिल्लू लक्षात राहतं.

पण 'एन्डिअर' दिसला की 'लळा' लिहून मोकळं व्हा, असं मी म्हणत नाही. लळ्याला एक कोवळेपण आहे. तो लहान मुलाचा, जनावराचा, फार तर घरात सामावून गेलेल्या पाहुण्याचा लागतो. नव्या व्यवस्थापकानं कर्मचाऱ्यांना लळा लावला असं लिहिलं तर वाचणारा हसेल. तिथे 'तो सगळ्यांना आपला वाटू लागला' बरं. एखाद्या खेळाडूबद्दल असेल तर 'प्रेक्षकांच्या गळ्यातला ताईत झाला' चालेल, पण जपून. हा ताईत आपल्याकडे इतक्या गळ्यांत बांधून झालाय की त्याचा दोरा झिजलाय.

आणखी एक गोष्ट शब्दकोशाच्या एका ओळीत मावत नाही. इंग्रजीत या क्रियापदाचा कर्ता पुष्कळदा माणूस नसतोच. तो एखादा गुण असतो, सवय असते, प्रसंग असतो. 'हर सेन्स ऑफ ह्यूमर एन्डिअर्ड हर टू एव्हरीवन.' विनोदबुद्धीनं तिला सगळ्यांची लाडकी केलं. मराठीत गुणाला असं कर्त्याच्या खुर्चीत बसवलं की वाक्य ताठरतं. आपण त्याला कारण करतो आणि माणसाला कर्ता : 'तिच्या विनोदी स्वभावामुळे ती सगळ्यांची लाडकी झाली.' उलट दिशेनं जाताना, म्हणजे मराठीतून इंग्रजीत, 'मुळे' दिसला की मी थांबते आणि त्याच्या आधीच्या शब्दाला कर्ता करून पाहते. दहातल्या सात-आठ वेळा तरी वाक्य बसतं.

गुण कर्ता होतो यात मला या शब्दाचं शहाणपण दिसतं. लाडकं होण्यासाठी माणूस स्वतः काही करत नाही. त्याचं हसणं, विसरभोळेपण, वेळेवर धावून जाणं, हे परस्पर काम करत असतं. म्हणून 'आय एन्डिअर्ड मायसेल्फ टू माय कलीग्ज' हे वाक्य व्याकरणात निर्दोष असलं तरी कानाला खटकतं. मी सहकाऱ्यांचा लाडका झालो, असं आपणच कसं सांगायचं? नोकरीच्या अर्जात तर हे वाक्य चुकूनही घालू नका. स्वतःबद्दल हे क्रियापद शोभतं ते नकारात, स्वतःची थट्टा करताना : 'पहिल्याच दिवशी साहेबांच्या खुर्चीत जाऊन बसलो. दॅट डिड नॉट एन्डिअर मी टू हिम.'

प्रश्न : हे 'डिड नॉट एन्डिअर' मला सारखं दिसतं. बातमी असो की कादंबरी, हा शब्द नकारातच जास्त भेटतो. असं का?

उत्तर : तुमचं निरीक्षण चांगलं आहे. आणि हीच माझ्या घसरण्याची जागा.

अनुवादाच्या कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एका चरित्रात वाक्य होतं, 'हिज रिमार्क्स डिड नॉट एन्डिअर हिम टू द कमिटी'. मी लिहिलं : 'त्याच्या शेऱ्यांमुळे तो समितीला प्रिय झाला नाही.' शब्दाला शब्द जुळला म्हणून मी खूश. आमच्या संपादकांनी हस्तलिखित परत पाठवलं. त्या ओळीखाली निळ्या पेन्सिलीची रेघ होती आणि समासात दोनच शब्द : 'मग काय झाला?'

त्या दोन शब्दांत सगळं आलं होतं. इंग्रजी माणूस 'प्रिय झाला नाही' म्हणतो तेव्हा त्याला 'नकोसा झाला' असं म्हणायचं असतं. बोलायचं कमी, सुचवायचं जास्त, अशी ती रीत. तो त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला, हे तिकडे इतक्या हळू आवाजात सांगतात. 'हार्डली एन्डिअर्ड हिम', 'डिड लिट्ल टू एन्डिअर हिम' ही त्याचीच भावंडं. शेवटी मी लिहिलं, 'त्याचे शेरे समितीला झोंबले.' अर्थ आला, पण मूळ वाक्यातला मिस्कीलपणा गेला. आज तेच वाक्य समोर आलं तर मी लिहीन, 'त्याचे शेरे ऐकून समितीला काही त्याच्याबद्दल प्रेमाचं भरतं आलं नाही.' आपल्याकडेही तिरकं बोलता येतं, त्या वयात ते मला सुचलं नाही इतकंच. संपादकांना सुचलं असतं, पण ते उत्तर कधीच लिहून देत नसत.

प्रश्न : 'डिअर'चा अर्थ महाग असाही होतो ना? मग 'एन्डिअर'मध्ये तो अर्थ आहे का?

उत्तर : होता. हा शब्द इंग्रजीत आला 16व्या शतकाच्या अखेरीस, आणि सुरुवातीच्या काळात त्याचा एक अर्थ 'किंमत वाढवणे, अधिक मोलाचं करणे' असा होता. शेक्सपिअरच्या सुनीतांचा संग्रह 1609 साली छापला गेला, त्यातलं 31वं सुनीत या शब्दापाशीच सुरू होतं : 'दाय बोझम इज एन्डिअर्ड विथ ऑल हार्ट्स'. सगळी हृदयं तुझ्या उरात येऊन वसली आहेत आणि त्यांनी ते अधिक मोलाचं झालंय, असा त्याचा भाव. इथे 'टू' नाही, 'विथ' आहे, कारण अर्थच वेगळा आहे. ही ओळ दाखवून कोणी 'एन्डिअर विथ'सुद्धा चालतं म्हणून वाद घालायला आलं तर त्याला सांगा, शेक्सपिअरला चालायचं. तुम्ही 'टू'च वापरा.

किमतीचा अर्थ 'एन्डिअर'मधून पुढे गळून पडला, पण 'डिअर'मध्ये टिकला. एखादी वस्तू परवडत नसेल तर ब्रिटिश इंग्रजीत आजही 'टू डिअर' म्हणतात. 'इट कॉस्ट हिम डिअर' म्हणजे ते त्याला महागात पडलं. फ्रेंच 'शेर' या शब्दातही प्रिय आणि महाग दोघं एकत्र नांदतात. जर्मन 'टॉयअर' हा 'डिअर'चा सख्खा भाऊ, पण त्याचा नेहमीचा अर्थ महाग हाच. मला त्याहून मजा वाटते ती 'डर्थ'ची. 'डर्थ' म्हणजे टंचाई. तो 'डिअर'पासूनच झाला. जे महाग ते मिळेनासं, म्हणून महागाईवरून अर्थ सरकत टंचाईवर आला. 'डार्लिंग'ही त्याच घरातला, 'डिअर'ला 'लिंग' हा लाडाचा प्रत्यय लागून झालेला. एकाच आईच्या पोटी डार्लिंग आणि दुष्काळ!

आपल्याकडे 'महाग' आला संस्कृत 'महार्घ'वरून, म्हणजे मोठ्या किमतीचा. त्याला प्रेमाचा वास कधी लागला नाही. पण मोल आणि माया आपणही एकत्र बांधतोच. लेकराला 'सोन्या' म्हणतो, 'माझं माणिक' म्हणतो, 'लाखात एक' म्हणतो. तीच गोष्ट, फक्त वेगळ्या शब्दांच्या हाती दिलेली.

प्रश्न : 'आय वॉज एन्डिअर्ड टू हिम' म्हणजे मला तो आवडू लागला, बरोबर?

उत्तर : उलट. काटेकोरपणे पाहिलं तर तुम्ही त्याला आवडू लागलात. पिल्लू आठवा. 'द पपी वॉज एन्डिअर्ड टू द फॅमिली' म्हणजे पिल्लू घराला प्रिय झालं.

तुम्हाला म्हणायचंय तसा, म्हणजे 'मला त्याचा लळा लागला' या अर्थी, हा प्रयोग इंग्रजीच्या बोलण्यात आता ऐकू येतो. 'आय वॉज एन्डिअर्ड बाय हिम' हेही म्हणतात. बोलताना कोणी म्हणालं तर मी टोकत नाही. लिहायचं असेल तर लिहू नका, निम्मे वाचक उलटा अर्थ घेतील. 'आय ग्रू फॉन्ड ऑफ हिम' इतकं सोपं आणि बिनधोक वाक्य हाताशी असताना कशाला? 'ही ग्रू ऑन मी' तर आणखी छान. सुरुवातीला विशेष वाटला नव्हता, हळूहळू आवडायला लागला, हे सगळं त्या चार छोट्या शब्दांत येतं.

प्रश्न : एन्डिअर, वू, कोर्ट, चार्म, इन्ग्रेशिएट. पाचांचाही अर्थ शब्दकोश 'मन जिंकणे'च्या आसपास देतो. कोणता कधी वापरायचा?

उत्तर : एकेका शब्दावर एकेक अंक लागेल. मला महत्त्वाचे वाटतात तेवढे फरक सांगते.

'वू' म्हणजे प्रयत्न, 'एन्डिअर' म्हणजे फळ. 'त्यानं तिला वर्षभर वू केलं, पण ती बधली नाही' हे वाक्य होऊ शकतं. 'एन्डिअर केलं, पण कोणाला आवडला नाही' हे होऊच शकत नाही, कारण त्या शब्दात आवडणं घडून गेलेलं असतं. मराठीत मनधरणी आणि मन जिंकणे यांत हाच फरक आहे. मनधरणी वाया जाऊ शकते, जिंकलेलं मन जिंकलेलंच. निवडणुका आल्या की इंग्रजी मथळ्यांत पक्ष मतदारांना 'वू' करताना दिसतात. एक कारण अर्थाचं, दुसरं जागेचं : स्पेलिंग अवघ्या तीन अक्षरांचं आहे.

'कोर्ट' म्हणजे राजाच्या दरबारातलं वागणं. दरबारी माणूस मर्जी सांभाळतो, तशी कोणाची तरी मर्जी संपादन करणं. प्रेमाच्या अर्थी तो आता जुनाट वाटतो. पण 'कोर्टिंग डिझास्टर' रोज भेटतो : आपणहून संकट ओढवून घेणं. 'चार्म'चं मूळ लॅटिन 'कार्मेन', म्हणजे गाणं किंवा मंत्र. म्हणून 'चार्म' म्हणजे मोहिनी घालणं, भुरळ पाडणं. मंत्र म्हटला की परिणाम लगेच. 'एन्डिअर' सहसा मुरत मुरत होतो.

'इन्ग्रेशिएट'पासून सावध राहा. त्याच्या पोटात लॅटिन 'ग्राशिआ' आहे, म्हणजे कृपा, मर्जी. 'ग्रेस' आणि 'ग्रेटफुल' त्याच मुळाचे, पण हा मात्र घराण्याचं नाव घालवणारा निघाला. 'ही इन्ग्रेशिएटेड हिमसेल्फ विथ द बॉस' : पुढेपुढे करून साहेबांच्या मर्जीत शिरला. रचना 'एन्डिअर'सारखीच, 'हिमसेल्फ' हवाच, पण पुढे 'टू'ऐवजी 'विथ'. आणि सुरात तिरस्कार. निरोपाच्या भाषणात कोणाचं कौतुक करताना हे दोन शब्द बदलले तर सभागृह गप्प होईल.

खुशामतीचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द न मागता देते. पहिला 'फॉन', लाळघोटेपणा करणे. मध्ययुगीन इंग्रजीत तो कुत्र्याबद्दल वापरत : आनंदानं शेपटी हलवणं. आता आपला 'गोंडा घोळणे' आठवा. तोच कुत्रा, तीच शेपटी. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच चित्र काढलं, की मला दिवसभर बरं वाटतं.

दुसरा 'करी फेवर'. यातल्या 'करी'चा रश्श्याशी संबंध नाही. ही 'करी' म्हणजे घोड्याला खरारा करणं. आणि 'फेवर' मुळात 'फेवर' नव्हताच, तो होता 'फावेल'. 14व्या शतकाच्या सुरुवातीच्या एका फ्रेंच काव्यात फोवेल (हाच इंग्रजीतला फावेल) नावाचा घोडा आहे, लबाडीचं आणि ढोंगाचं प्रतीक. मोठमोठी माणसं त्याची मर्जी राखायला त्याच्या अंगावरून हात फिरवतात, त्याला खरारा करतात. इंग्रजांना पुढे फावेल कोण ते आठवेना, म्हणून त्यांनी कानाला ओळखीचा वाटणारा 'फेवर' तिथे बसवून टाकला. घोडा पळाला, खरारा मागे राहिला.

प्रश्न : आमच्या साहेबांच्या वाढदिवसाच्या कार्डावर 'युअर एन्डिअरिंग पर्सनॅलिटी' असं लिहू का?

उत्तर : नका लिहू. 'एन्डिअरिंग' हे विशेषण चांगलंच आहे, त्यात वावगं काही नाही. पण इंग्रजीत ते जास्त करून छोट्या उणिवांना लागतं. कोणी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत फिरतो ते 'एन्डिअरिंग'. कोणी गाताना हमखास सूर सोडतो आणि तरी गातोच, तेही. आपला 'लोभस' हा शब्द त्याच्या जवळ जातो, 'गोड'ही. 'लाघवी' मात्र जपून, कारण त्यात कधीकधी गोड बोलून काम काढून घेण्याची छटा येते. असं विशेषण थोरानं धाकट्याला द्यावं किंवा बरोबरीच्यानं बरोबरीच्याला. साहेबांना द्याल तर तुम्ही त्यांच्या गालाला हात लावल्यासारखं होईल. 'वॉर्म' लिहा, 'काइन्ड' लिहा. ते खरोखर तसे असतील तर.

आणि तुमच्या पत्रात शेवटी 'टर्म ऑफ एन्डिअरमेन्ट'चा अर्थ विचारला आहे, त्याचं उत्तर एका शब्दात होतं : लाडाची हाक. 'हनी', 'स्वीटहार्ट', 'डिअर' वगैरे. कार्डावर यातलंही काही नको.